वाटाणे मोजणारे मास्तर



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बारावीचा जीवशास्त्राचा तास चालू होता. एक विद्यार्थिनी कुठेतरी वाचून आली होती की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाच दिवसांच्या मानवी भ्रूणातून मोजक्या पेशी काढतात आणि त्यांचा जीनोम वाचतात. पण सगळा वाचत नाहीत. इथली दोन अक्षरे, तिथली चार, असा विरळ वाचतात. याला लो-कव्हरेज सिक्वेन्सिंग म्हणतात. एवढ्या वाचनावरून त्या भ्रूणाचे आनुवंशिक गुण सांगतात. तिचा आक्षेप सरळ होता. निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिका कोरी असताना निकाल लागतोच कसा?

त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल करते. संध्याकाळी घरी शेंगा सोलायला बसले. पुस्तकात ज्याला वाटाणा म्हणतात, पुण्या-मुंबईकडे ओला असताना ज्याला मटार म्हणतात आणि आपल्या इंदूरच्या मंडईत ज्याला बटला म्हणतात, त्याच्या शेंगा. सोलता सोलता लक्षात आले की ताटात शे-दीडशे भ्रूण पडले आहेत. वाटाण्याचा दाणा म्हणजे दुसरे काय? पातळ साल सोडली तर आतली दोन्ही दले भ्रूणाचीच. आणि अशा भ्रूणांकडे पाहून, ते एकेक मोजून, गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे ज्यांनी शोधले, त्यांचे नियम मी तीस वर्षे शिकवते आहे. माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा मटर आणि प्रभावी-अप्रभावी लक्षणे घोकून घोकून पाठ केली होती. पण तो माणूस कोण होता, हे ना मला कोणी सांगितले, ना मी माझ्या मुलांना सांगितले. म्हणून हा लेख ग्रेगोर मेंडेल यांच्याविषयी. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याच वाटेने जाऊन मिळते.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ चा. गाव हाइन्त्सेनडॉर्फ, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या सायलेशिया प्रांतात. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव हिन्चित्से. जन्माचे नाव योहान. वडील अंतोन शेतकरी होते, पण आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. उरलेल्या दिवसांत स्वतःची शेती आणि थोडी फळबाग. झाडांना कलम करणे आणि मधमाश्या पाळणे ही कामे योहान लहानपणीच शिकला. गावच्या शाळेतही निसर्गाची थोडी माहिती शिकवत असत. मुलगा हुशार निघाला. शिक्षकांनी आग्रह धरला आणि त्याला शिकायला बाहेरगावी पाठवण्यात आले. ओपावाच्या शाळेत असताना घरच्यांना त्याच्या पूर्ण जेवणाचे पैसे परवडत नसत. अर्ध्या जेवणाचे पैसे भरायचे, बाकी पाव-लोणी घरून आले तर खायचे.

१८३८ मध्ये झाडाचे खोड अंगावर पडून वडील जबर जखमी झाले. पुन्हा पूर्वीसारखे काम करणे त्यांच्याने झाले नाही. योहान तेव्हा सोळा वर्षांचा. शिकवण्या करून स्वतःचा खर्च भागवू लागला आणि पुढच्याच वर्षी आजारी पडून काही महिने घरी अंथरुणावर होता. ही त्याची जन्मभराची तऱ्हा. संकट आले, ताण आला की शरीर खचायचे. शेवटी शेत थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला विकण्यात आले. योहानचे शिक्षण थांबायच्या बेतात होते तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया पुढे आली आणि तिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला. त्यातून ओलोमौत्स येथील पुढचे शिक्षण पार पडले. पुढे मेंडेल यांनी तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांतले दोघे डॉक्टर झाले. अनुवंशशास्त्राच्या पुस्तकांत तेरेसियाचे नाव क्वचितच सापडते. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवे.

१८४३ मध्ये योहान ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. धर्मकार्याची फार ओढ होती म्हणून ते गेले असे नाही. पोटापाण्याची विवंचना मिटावी आणि शिकता यावे, हा मुख्य विचार होता, आणि त्यांनी तो कधी लपवलाही नाही. मठही साधासुधा नव्हता. तिथले मठाधिपती सिरिल नाप विद्याव्यासंगी होते. ब्रनो हे लोकरीच्या कापडाचे मोठे केंद्र, त्यामुळे चांगली मेंढी कशी पैदा करावी यावर तिथे पुष्कळ चर्चा चालत. अशाच एका चर्चेत, १८३७ मध्ये, नाप यांनी मूळ प्रश्न काय आहे ते मांडले होते: आई-वडिलांकडून नेमके काय उतरते आणि ते कसे उतरते? मेंडेल मठात आले त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट.

दीक्षा पूर्ण झाल्यावर त्यांना आजारी आणि मरणासन्न माणसांना भेटायला पाठवू लागले. ते दुःख त्यांना सहन होईना. ते स्वतःच आजारी पडले. नाप यांनी हे ओळखले आणि १८४९ मध्ये त्यांना झ्नोय्मो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून धाडले. इथे मेंडेल रमले. विद्यार्थ्यांना आवडू लागले, सहकाऱ्यांनाही. मग पक्की नेमणूक मिळावी म्हणून १८५० मध्ये त्यांनी शिक्षकांची परीक्षा दिली आणि ते नापास झाले. भौतिकशास्त्राचे परीक्षक समाधानी होते, पण प्राणिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांची उत्तरे परीक्षकांना पसंत पडली नाहीत. १८५६ मध्ये पुन्हा बसले. या खेपेस परीक्षेच्या ताणाने आजारी पडले आणि परीक्षा अर्धवट सोडून परत आले. त्यानंतर त्यांनी नाद सोडला. १८५४ पासून १८६८ पर्यंत ब्रनोच्या शाळेत त्यांनी भौतिकशास्त्र आणि निसर्गशास्त्र शिकवले ते बदली शिक्षक म्हणूनच. वर्ग मोठे असत आणि शिकवणे उत्तम असे. पण कागदावर ते कायम अपात्रच राहिले.

मी मुख्याध्यापिका आहे. दर वर्षी मे-जूनमध्ये माझ्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा येतो. नियमाप्रमाणे आधी पात्रतेची प्रमाणपत्रे पाहते, मग उमेदवार. मेंडेल यांचा अर्ज आला असता तर मुलाखतीला बोलावण्यापूर्वीच मी तो बाजूला ठेवला असता. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे तेच आहे.

पहिल्या नापासीचा एक फायदा झाला. नाप यांनी त्यांना १८५१ ते १८५३ व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवले. तिथे डॉप्लर यांच्याकडे ते भौतिकशास्त्र शिकले. आगगाडीच्या शिट्टीच्या संदर्भात अकरावी-बारावीला ज्यांचे नाव येते तेच हे डॉप्लर. एटिंग्सहाउझेन यांच्याकडून गणित, त्यातही जोड्या आणि मांडण्या मोजण्याची रीत. आणि उंगर यांच्याकडून वनस्पतींच्या पेशींचे शास्त्र. म्हणजे मठातल्या बागेत जो माणूस परत आला तो नुसता बागकाम जाणणारा नव्हता, तो आकड्यांत विचार करणारा होता.

१८५४ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या ३४ जाती मागवल्या आणि दोन वर्षे नुसत्या पेरून पाहिल्या, की जात शुद्ध आहे ना, बापासारखाच बेटा निघतो ना. त्यातल्या २२ ठेवल्या. मग गुण निवडले, सात. गुण निवडतानाची त्यांची दृष्टी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या गुणात थोडे कमी, थोडे जास्त अशा पायऱ्या असतात ते सगळे त्यांनी बाजूला सारले. ठेवले ते दोन टोकांचे: दाणा गोल की सुरकुतलेला, दल पिवळे की हिरवे, झाड सहा-सात फुटांचे की फूट-दीड फुटाचे, अशा जातीचे.

वाटाण्याच्या फुलाचे स्वतःच्याच परागाने फलन होते. म्हणून फूल उमलण्यापूर्वी कळी उघडायची, चिमट्याने सगळे परागकोश काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि वर पिशवी बांधायची, म्हणजे किडा-माशी मध्ये पडणार नाही. एका फुलाला हे करून पाहा, पाठ दुखायला लागते. मेंडेल यांनी हे काम आठ वर्षे केले, १८५६ ते १८६३. सगळी मिळून सुमारे २८,००० झाडे भरतील. आणि हे शाळेत शिकवणे सांभाळून.

आता ताटातल्या दाण्यांकडे येऊ. सातपैकी दोन गुण, दाण्याचा आकार आणि दलाचा रंग, हे भ्रूणाचे स्वतःचे गुण आहेत. त्यामुळे ते पाहायला दाणा पेरून झाड होण्याची वाट पाहावी लागत नाही. आईच्या शेंगेतच पुढची पिढी दिसते. एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी, सख्खी भावंडे. दाण्याच्या सालीचे मात्र तसे नाही. साल आईच्या शरीराचा भाग असते, म्हणून सालीचा रंग आईचा निर्णय सांगतो, लेकराचा नाही. तो गुण पाहायचा तर आणखी एक पिढी थांबावे लागते. हा फरक मेंडेल यांना पक्का ठाऊक होता. साल आणि भ्रूण यांची गल्लत झाली असती तर त्यांचे सगळे आकडे विस्कटले असते.

गोल आणि सुरकुतलेला यांच्या संकरातून आलेले सगळे दाणे गोल निघाले. ते पेरून २५३ झाडे वाढवली. त्यांच्या शेंगांत ७,३२४ दाणे भरले. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. पिवळ्या-हिरव्याचे तसेच: २५८ झाडे, ८,०२३ दाणे, त्यांत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. भागाकार करून पाहा. तीनास एक. मधल्या पिढीत नाहीसा झालेला गुण जसाच्या तसा परत आला होता, फिका होऊन नाही, मिसळून नाही. दूध-पाण्यासारखे आई-बापाचे गुण एकमेकांत मिसळतात, हा तोपर्यंतचा समज होता. मेंडेल यांच्या ताटात मात्र दोन वेगवेगळे कण दिसत होते, जे एकत्र राहूनही वेगळेच राहत होते.

आणखी एक गोष्ट. मेंडेल विद्यार्थी असताना वनस्पतिशास्त्रात एक वाद पेटला होता. श्लायडेन नावाचे मोठे शास्त्रज्ञ म्हणत की भ्रूण परागातूनच वाढतो, मादीचा भाग त्याला फक्त पोसतो. म्हणजे बी पुरुषाचे, जमीन बाईची. आपल्याकडेही ही समजूत काही कमी जुनी नाही. मेंडेल यांनी संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला, कधी गोल जातीची आई, कधी गोल जातीचा बाप. निकाल एकच. भ्रूणात दोघांचा वाटा सारखा असतो, हे त्यांच्या आकड्यांनी दाखवून दिले.

या आकड्यांवर पुढे एक आक्षेपही आला. १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हिशेब करून दाखवले की मेंडेल यांचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तर आधी लिहून रीडिंग मागून भरणारी मुले मी रोज पाहते, म्हणून हा संशय मला परका नाही. पण पंधरा हजार दाणे हाताने निवडणारा माणूस फसवणारा नसावा, अर्धवट सुरकुतलेला दाणा कोणत्या ढिगात टाकायचा इथे त्याचा हात नकळत वळत असावा, असे मला वाटते.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गशास्त्र मंडळापुढे त्यांनी हे काम वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापून आले. त्यांनी जादा प्रती मागवून विद्वानांना पाठवल्या. काहीच घडले नाही. एकट्या म्युनिकच्या नेगेली यांनी पत्रव्यवहार ठेवला आणि त्यांच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलावर मेंडेल यांनी प्रयोग केले. त्या बारीक फुलांवर आरसा आणि भिंग लावून काम करताना मेंडेल यांचे डोळे दुखावले, आणि निकाल मात्र वाटाण्याच्या अगदी उलट आले. संततीत गुण वेगळे होईनातच. कारण फार पुढे कळले. हॉकवीडमध्ये बहुधा परागाशिवायच, एकट्या आईपासून भ्रूण तयार होतो. ज्या भ्रूणात बापाचा वाटाच नाही त्यात तीनास एक कुठून येणार? मेंडेल यांना हे कळण्याची सोय नव्हती. आपला नियम सर्वांना लागू नाही, अशी शंका घेऊनच ते त्या कामातून उठले. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत जास्त खटकतो, परीक्षेतल्या नापासीपेक्षाही.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि शाळा सुटली. पुढची वर्षे कारभारात गेली. हवामानाच्या नोंदी ते नेमाने ठेवत. १८७० च्या ऑक्टोबरात ब्रनोवर आलेल्या चक्रीवादळाचे त्यांनी बारकाईने वर्णन लिहिले. मधमाश्या होत्याच. १८७४ मध्ये सरकारने मठांवर कर बसवला. तो अन्यायाचा आहे म्हणून त्यांनी भरायला ठाम नकार दिला, जप्ती आली तरी नमले नाहीत. या भांडणात दहा वर्षे गेली आणि मित्रही दुरावले. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचे संगीत लेओश यानाचेक यांनी सांभाळले, जे पुढे नामांकित संगीतकार झाले. शहर हळहळले ते मठाधिपतीसाठी. शास्त्रज्ञ गेला हे कोणाच्या गावीही नव्हते. त्यानंतर त्यांचे बरेचसे कागद जाळून टाकण्यात आले.

१९०० मध्ये तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांनी, द फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक यांनी, तो जुना लेख पुन्हा उजेडात आणला. आणि इथून आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते.

मेंडेल यांनी दोन गुण एकत्रही तपासले होते. ५५६ दाणे: ३१५ गोल-पिवळे, १०१ सुरकुतलेले-पिवळे, १०८ गोल-हिरवे, ३२ सुरकुतलेले-हिरवे. म्हणजे आकाराचा रंगाशी संबंध नाही, प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे वाटली जाते. आता विचार करा. हा नियम जीनोमच्या प्रत्येक अक्षराला लागू असता, तर एक अक्षर वाचून शेजारच्या अक्षराबद्दल काहीही सांगता आले नसते. विरळ वाचन अगदी निरुपयोगी ठरले असते, आणि आमच्या मुलीचा आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरला असता.

पण १९०५ च्या सुमारास बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांना गोड वाटाण्याच्या फुलझाडात असे गुण सापडले जे हात धरून एकत्र येतात. मग मॉर्गन यांनी अमेरिकेत फळमाशीवर काम करून दाखवले की जनुके गुणसूत्रांवर रांगेने बसलेली असतात आणि शेजारचे शेजारी बहुधा एकत्रच पुढे जातात. आई-वडिलांकडून आपल्याला सुटी अक्षरे मिळत नाहीत, लांबच लांब सलग तुकडे मिळतात. एका गुणसूत्रात असे जोड फार तर दोन-चार जागी पडतात.

वर्गात मी हे पोथीच्या उदाहरणाने सांगितले. समजा एका ग्रंथाच्या दोन जुन्या पोथ्या आहेत, शब्दाशब्दांत थोडे पाठभेद असलेल्या. नकलकाराने काही अध्याय हिच्यातून, काही तिच्यातून उतरवून नवी प्रत केली. मूळच्या दोन्ही पोथ्या आपल्याजवळ पूर्ण आहेत. मग नव्या प्रतीचे पान फाटून त्यातले पाच-सात शब्दच उरले, तरी ते पान कोणत्या पोथीतून आले हे कळते, आणि उरलेला मजकूर मूळ पोथीतून भरता येतो. भ्रूणाचे तसेच. आई-वडिलांचा जीनोम आधी नीट वाचून ठेवतात. साधारणपणे नीट वाचायचे म्हणजे प्रत्येक जागा सरासरी तीसेक वेळा वाचायची. भ्रूणाच्या मोजक्या पेशींतून इतका डीएनए मिळत नाही आणि खर्चही फार, म्हणून सरासरी एकदा किंवा त्याहूनही कमी वाचतात आणि तुकडे ओळखून बाकीचे भरतात. गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का, एवढेच पाहायचे असेल तर त्याहून विरळ वाचन पुरते. कोणत्या गुणसूत्रावरचे किती तुकडे हाती आले ते मोजायचे; एकविसावे दोनऐवजी तीन असेल तर त्याचे तुकडे दीडपट येतात. मेंडेल यांनी ताटात दाणे मोजले, यंत्र अक्षरांचे तुकडे मोजते.

आता यातून काय कळते आणि काय नाही, हे पालकांसाठी. कारण जाहिराती लवकर पोहोचतात आणि हिशेब मागून येतो. सुरकुतलेल्या दाण्यासारखा एका जनुकाचा गुण असेल तर उत्तर बरेच पक्के असते. आपल्या मध्य प्रदेशात ज्याचा त्रास मोठा आहे तो सिकलसेल आजार असाच आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. मेंडेल यांचाच आकडा. अशा घरांना या तपासणीचा खरा आधार होऊ शकतो, आणि आपल्या देशाचा २०२१ चा कायदा भ्रूणाची जनुकीय तपासणी अशा माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच मोकळी ठेवतो. मुलगा की मुलगी हे पाहायला १९९४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. असा कायदा आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला होता, कारण तंत्र आल्याबरोबर त्याचा पहिला उपयोग आपण कशासाठी केला ते सर्वांना माहीत आहे.

उंची, बुद्धी, परीक्षेतले गुण यांचे काय? हे ते गुण आहेत जे मेंडेल यांनी बागेच्या दारातच थांबवले होते, थोडे कमी-थोडे जास्तवाले. २०२२ मध्ये ५४ लाख माणसांच्या माहितीवरून उंचीशी संबंध असलेल्या १२,००० हून अधिक जागा जीनोममध्ये सापडल्या. वाटाण्याची उंची एका जनुकाने ठरते, माणसाची अशी. २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशेब केला की सर्वांत जास्त अंदाजित उंचीचा भ्रूण निवडला तरी सरासरीपेक्षा अपेक्षित फायदा अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या झालेल्या भावंडांवर हाच अंदाज ताडून पाहिला, तर जो सर्वांत उंच ठरायला हवा होता तो बहुतेक घरांत सर्वांत उंच नव्हताच. एवढ्यासाठी बाकीचे भ्रूण बाजूला टाकायचे का, हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही.

मेंडेल यांच्या सात गुणांची जनुके सापडायला मात्र वेळ लागला. सुरकुतलेल्या दाण्याचे जनुक १९९० मध्ये मिळाले. स्टार्च तयार करणाऱ्या एका जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा परका तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे स्टार्च कमी, साखर आणि पाणी जास्त, आणि दाणा वाळला की सुरकुततो. शेवटच्या तीन गुणांचा उलगडा २०२५ मध्ये झाला, जगभरातल्या जवळजवळ ७०० वाणांचा जीनोम वाचून.

स्वतः मेंडेलही या वाचनातून सुटले नाहीत. त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त २०२१ मध्ये ब्रनो येथील समाधीतून त्यांच्या अस्थी काढण्यात आल्या, त्यांच्या वापरातल्या वस्तूंवर मिळालेल्या डीएनएशी जुळवून खात्री केली आणि जीनोम वाचला. मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या विकारांशी संबंधित बदल त्यात दिसले. मज्जासंस्थेच्या विकाराशी संबंध असलेला एक बदलही सापडला, आणि परीक्षेच्या वेळी ते आजारी का पडत याचे उत्तर काहींनी लगेच त्यात शोधले. मला ही घाई वाटते. वडील जायबंदी, अर्ध्या जेवणावर शिक्षण आणि बहिणीच्या लग्नाचा पैसा खर्ची पडलेला, अशा स्थितीत परीक्षेला बसणाऱ्या माणसाच्या आजारपणाला एखादे अक्षर शोधायची गरज मला तरी दिसत नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर त्याच विद्यार्थिनीने विचारले की मेंडेल यांचे मूळ वाटाणे कुठे जपून ठेवले आहेत का. नाहीत. ते कागदांसारखेच गेले. पण दोन्ही प्रकारचे दाणे आपल्या स्वयंपाकघरात असतात. उसळीचा वाळका वाटाणा गोल असतो, आणि हिवाळ्यातला गोड बटला वाळवला की सुरकुततो. प्रयोगशाळेच्या खिडकीत सध्या या दोन बरण्या ठेवल्या आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी मागच्या वाफ्यात दोन्ही पेरणार आहोत, डिसेंबरात कळ्या धरतील. नववी ते बारावीच्या ज्या मुलांना संकर करून पाहायचा आहे त्यांनी कार्यालयात नावे द्यावीत आणि बारीक टोकाचा चिमटा घरून आणावा. शाळेकडे सहाच आहेत.